मामाची 42 बिस्किटं आणि आईच्या पाटल्या

आजचा भाग सोन्यावर आहे, पण भाव वाढणार की पडणार हे विचारायला आला असाल तर चुकीच्या पॉडकास्टवर आलात. आज बोलायचंय परदेशातून येताना आपण सोबत किती सोनं आणू शकतो याबद्दल, आणि हा आकडा कसकसा बदलत गेला त्याबद्दल. विषय कोरडा वाटेल, पण आमच्या घरात यावरून तीन तास रडारड झालेली आहे.

जून 2024. माझी ताई जर्मनीहून तीन वर्षांनी घरी येत होती. हातात आईच्या पाटल्या, दोन मिळून चार तोळे, म्हणजे 40 ग्रॅम. तिच्या लग्नात आईने दिलेल्या, इथूनच नेलेल्या. विमानतळाचं नाव घेत नाही. ग्रीन चॅनलमध्ये तिला थांबवलं आणि विचारलं, "बिल आहे का?" आता 1995 सालच्या पाटल्यांचं बिल कोणाकडे असतं?

बाहेर मी आणि मामा उभे. मामाला हसू आवरेना. तो म्हणाला, "अरे, मी पाच किलो घेऊन आलो होतो, तेव्हा मला कोणी काही बोललं नाही!" मला वाटलं गंमत करतोय. नंतर पूर्ण गोष्ट ऐकली, आणि मग मी दोन महिने हाच विषय वाचत बसलो.

आधी थोडं मागे जाऊ. 1947 च्या परकीय चलन कायद्यापासून सोनं आयात करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागू लागली. चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं: 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. आपल्याकडे लग्नाचं सोनं म्हणजे 22 कॅरेट, त्यामुळे घराघरात नाराजी. पण खरा फटका बसला सोनारांना, लाखो कारागिरांच्या पोटावर पाय आला. 14 कॅरेटची अट काही वर्षांत गेली, पण 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला. सामान्य माणसाने सोन्याची बिस्किटं घरात ठेवणं हाच गुन्हा.

लोकांची हौस मात्र कायद्याने कमी होत नाही. दुबईत सोनं उघडपणे विकत मिळायचं. तिथून ते गलबतांवर चढायचं आणि आपल्या किनाऱ्यावर रात्री उतरायचं. दहा तोळ्यांचं बिस्कीट, वजन 116.64 ग्रॅम, हे या धंद्याचं चलनच होतं. ती बिस्किटं बसतील असे खिसे शिवलेली जाकिटं अंगात घालायचे. हाजी मस्तानसारखी नावं याच धंद्यातून मोठी झाली. (जुन्या हिंदी सिनेमातले स्मगलर सतत बंदरावर का असतात, त्याचं हे उत्तर.)

कायदा रद्द केला तो 1990 मध्ये, अर्थमंत्री मधू दंडवते यांनी. दंडवते खासदार राजापूरचे, म्हणजे आमच्या कोकणातले. हा योगायोग मला फार आवडतो.

मग आलं 1991. परकीय चलन संपत आलेलं, सरकारनेच सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवलं. पुढच्याच वर्षी, 1992 च्या अर्थसंकल्पात, मनमोहन सिंग यांनी दार उघडलं: परदेशात किमान सहा महिने राहून येणाऱ्या भारतीयाला 5 किलोपर्यंत सोनं आणता येईल. अट एकच मोठी, ड्यूटी परकीय चलनात भरायची. तस्करीतला नफा मारायचा आणि डॉलर सरकारकडे वळवायचे, असं दुहेरी गणित.

आता मामा. मामा दुबईत फिटर. त्याच्याकडे पाच किलो सोनं कुठून येणार? पण सहा महिने राहिल्याची पासपोर्टवरची नोंद होती, आणि व्यापाऱ्याला नेमकी तीच हवी होती. सोनं व्यापाऱ्याचं, ड्यूटी व्यापाऱ्याची, नाव मामाचं. बदल्यात येण्याजाण्याचं तिकीट आणि वर थोडे पैसे. गल्फमधले किती कामगार त्या काळात असे सोनं घेऊन आले! 1995 मध्ये मामा सहारला उतरला, पाच किलोत बसतात तेवढी दहा तोळ्यांची 42 बिस्किटं घेऊन. रेड चॅनलला गेला, सोनं दाखवलं. तेव्हा ड्यूटी 10 ग्रॅमला 220 रुपये होती, म्हणजे पुऱ्या पाच किलोला 1,10,000. माल वीस लाखांच्या वरचा. पावती घेतली, बाहेर व्यापाऱ्याचा माणूस उभाच होता. "पिशवी दिली तेव्हा खांदा हलका झाला," मामा म्हणतो, "त्याच्याआधी पाय लटपटत होते."

त्या पैशांत साठवलेले थोडे घालून त्याने झवेरी बाजारातून बहिणीसाठी पाटल्या घेतल्या. हो, त्याच पाटल्या.

पुढे 1997 मध्ये मर्यादा 10 किलो झाली, नंतर ती 1 किलोवर आली. पण ही सगळी ड्यूटी भरून आणायच्या सोन्याची गोष्ट. ड्यूटी न भरता आणायच्या दागिन्यांचा हिशोब वेगळा, आणि ताई अडकली ती तिथे.

1991 मध्ये ठरलं होतं की वर्षभराहून जास्त परदेशात राहून आलेल्या पुरुषाला 10,000 रुपयांचे आणि स्त्रीला 20,000 रुपयांचे दागिने माफ. तेव्हा 20,000 मध्ये पाच तोळ्यांहून जास्त सोनं यायचं. 2012 मध्ये त्याच 20,000 मध्ये पाऊण तोळाही येईना. आकडा मात्र तोच! आम्ही प्रोग्रामर याला हार्डकोड केलेली किंमत म्हणतो: कोणीतरी एकदा कोडमध्ये लिहून जातो, मग तो कंपनी सोडतो, आणि वीस वर्षांनी सिस्टीम बोंबलते. 2013 मध्ये चिदंबरम यांनी आकडे 50,000 आणि 1,00,000 केले. लोकांना त्रास होतोय हेही भाषणात मान्य केलं. 2016 च्या नियमांत वजन आलं, 20 आणि 40 ग्रॅम, पण रुपयांची मर्यादाही ठेवली. त्यामुळे 2024 मध्ये ताईच्या पाटल्या वजनात बरोबर बसल्या आणि किमतीत सपशेल नापास. सात हजार रुपये ग्रॅमच्या भावाने एक लाखात 14 ग्रॅम येतात. एक पाटलीसुद्धा नाही.

खरं तर ताईच्या बाबतीत हा हिशोब लागायलाच नको होता, कारण पाटल्या इथूनच गेल्या होत्या. पण त्यासाठी जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दागिने दाखवायचे, नोंद करून घ्यायची, तो कागद परत येताना दाखवायचा. आमच्या घरात कोणाला हे माहीतच नव्हतं. तुम्हीही दागिने घेऊन जात असाल तर विमानतळावर तासभर आधी पोचा आणि हे करा. आणि मी सांगितलेले आकडे इतिहासाचे आहेत, प्रवासाआधी ताजा नियम बघून घ्या.

शेवटी मी आईला फोन केला, तिने अल्बममधून माझ्या मुंजीचा फोटो काढून पाठवला. त्यात आईच्या हातात पाटल्या, शेजारी फ्रॉक घातलेली ताई. अधिकाऱ्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला, पाटल्यांवरची नक्षी ताडून पाहिली, आणि सोडलं. बाहेर आल्यावर ताई रडत होती. मामाने तिची बॅग घेतली आणि विचारलं, "जड आहे गं, काय आणलंस?"

"चॉकलेटं," ती म्हणाली.