रेणूंच्या साखळीची कहाणी

विद्यार्थी मित्रहो, पॉलिथीनची पिशवी आणि नायलॉनची दोरी आपल्या रोजच्या ओळखीच्या. दोन्ही वस्तू लहान रेणूंच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेल्या आहेत. असे रेणू जोडण्याच्या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. आज हे पुस्तकात सहज वाचायला मिळते. पण एके काळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही ते पटत नव्हते.

रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके, असा तेव्हा समज होता. १९२० साली जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी मांडले की, हे रेणू पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. त्यांना कडाडून विरोध झाला. ते डगमगले नाहीत. वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिले.

अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी वेगळी वाट धरली. ओळखीच्या अभिक्रियांनी एकेक जोड देत साखळी स्वतःच बांधायची! १९२९ मध्ये त्यांनी या क्रियेचे दोन प्रकार स्पष्ट केले.

पहिला प्रकार बेरजेचा. इथिलीनच्या रेणूत दुहेरी बंध असतो. आरंभक पदार्थ तो उघडतो आणि साखळीच्या टोकाला एकामागून एक रेणू जोडला जातो, जणू आगगाडीला डबे. बाहेर काहीच पडत नाही. १९३३ साली इंग्लंडमध्ये इथिलीनवर प्रचंड दाब देताना पॉलिथीन असेच अवचित हाती लागले.

दुसरा प्रकार संघननाचा. येथे रेणूच्या दोन्ही टोकांना जोडणारे गट असतात. एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमाइन गटाशी जुळला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कोणतेही दोन तुकडे जुळू शकतात. म्हणून साखळी हळूहळू वाढते. पाणी काढून टाकले नाही, तर जोड पुन्हा सुटू लागतात. १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले ते याच रीतीने.

कॅरोदर्स १९३७ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी वारले. नायलॉनची जाहीर घोषणा झाली १९३८ साली. स्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी.

म्हणून विद्यार्थ्यांनो, व्याख्या पाठ करून थांबू नका; हे कशावरून सिद्ध झाले, असे विचारा. आणि पालकहो, मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. विज्ञानाची साखळी अशाच प्रश्नांनी वाढत आली आहे.