स्कॉलरशिपची परीक्षा आणि उसाचा हंगाम

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरली. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला होणार, तसा शासन निर्णय निघालाय. खाली अंगठ्यांची रांग लागली. आमचे गुरुजी रिटायर होऊन आता शेती बघतात, ग्रुपवर फारसं बोलत नाहीत. त्यांनी एकच शब्द टाकला, ‘उशिरा’.

मी पुण्यात, ऑफिसच्या कॅबमध्ये होतो. त्या एका शब्दानं मला थेट २००६च्या पाथर्डी तालुक्यात नेऊन बसवलं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड. चौथीत गेलं की गुरुजी ‘बॅच’ निवडायचे. म्हणजे स्कॉलरशिपला बसवायची पोरं. संध्याकाळी जेवून पुन्हा शाळेत यायचं, आणि लोडशेडिंग असल्यामुळे प्रत्येकानं आपापला कंदील आणायचा. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. पहिल्या दोन विषयांचं कुणाला काही वाटायचं नाही. पण बुद्धिमत्ता म्हणजे जादू होती. आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेत डावीकडून सातवा आणि उजवीकडून बारावा असेल तर रांगेत एकूण किती. आज कोडिंग करून पोट भरतो, पण ‘नियम शोधायचा आणि तो पुढच्या पायरीला लावायचा’ हे मी पहिल्यांदा कंदिलाच्या उजेडात शिकलो.

बॅचमध्ये माझं नाव सुरुवातीला नव्हतं, हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही. ते नाव माझ्या बेंचवरच्या मित्राचं होतं. आकृत्यांची मालिका तो न बोलता सोडवायचा, मला मात्र बोटानं हवेत आकृती काढावी लागायची. दसरा झाला आणि त्याचे आई-बाप टोळीबरोबर उसाला गेले. तोही गेला. एक जागा रिकामी झाली आणि गुरुजींनी मला बोलावलं. फेब्रुवारीत मी पेपर दिला, उन्हाळ्यात निकाल लागला, ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला. टोळी तेव्हा नुकतीच परत आली होती. मित्र मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

हे नशीब म्हणून सोडून देता येतं. पण या परीक्षेचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की यात नशिबाचा भाग थोडा आहे. जास्त भाग कॅलेंडरचा आहे.

परीक्षेच्या आधीची परीक्षा

स्कॉलरशिपच्या आधी मराठी गावांत एकाच परीक्षेचा दबदबा होता. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात ही परीक्षा पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा. गावात ‘फायनल झालेला’ ही पदवीच होती. म्हणजे गावच्या पोरांसाठी राज्यपातळीवरची परीक्षा ही काही नवी गोष्ट नाही. बाहेरून कुणीतरी छापलेला पेपर येतो आणि तो ठरवतो की तुम्ही नांगर धरणार की दप्तर, हे आपल्याकडे चार पिढ्या चालू आहे.

या व्यवस्थेवर सर्वांत नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. त्यांचं आणि नगरचं नातं जुनं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत. त्या पाहून जोतीरावांना पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली, आणि १८४८ साली ती निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यातही फॅरारबाईंच्या नगरच्या संस्थेचा वाटा होता.

पुढे १८८२ साली सरकारनं हंटर आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२च्या आपल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, हे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल एक मुद्दा आहे, तो पाठ्यपुस्तकात येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की स्पर्धा परीक्षा घेऊन शिष्यवृत्त्या वाटणं वरवर पाहता अगदी न्याय्य आहे, पण त्यामुळे इतर वर्गांमध्ये शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या समाजांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी ठेवा.

मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसून राहिलो. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच गुणपद्धती. यात अन्याय कुठे आहे? कुठेच नाही. आणि तरीही पेपरपर्यंत कोण पोचतं, हे पेपर छापण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

जोतीरावांनी आणखी एक सुचवलं होतं. गावातले जे मास्तर जास्त मुलं पास करतील त्यांना पगाराशिवाय काही खास भत्ता द्यावा. म्हणजे निकालाचं बक्षीस शिक्षकाला मिळावं हा विचार आजच्या कोचिंग क्लासवाल्यांचा नाही, तो दीडशे वर्षं जुना आहे. फरक इतकाच की त्यांच्या यादीत तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर सक्ती होती, मागासलेल्या वर्गांसाठी राखीव शिष्यवृत्त्या होत्या, वर्षातून निदान चार वेळा शाळांची तपासणी होती, तीही अधूनमधून न कळवता. आपण त्या यादीतलं सोपं तेवढं उचललं.

पाच वर्षांत दोन गोष्टी

आजची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ साली सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्र नव्हता, आम्ही मुंबई राज्यात होतो. आमच्या डोंगरापलीकडचा बीड जिल्हा तर अजून हैदराबाद राज्यात होता. चौथी आणि सातवीच्या हुशार मुलांना शोधायचं आणि पुढच्या शिक्षणासाठी दरमहा थोडे पैसे द्यायचे, अशी ही साधी कल्पना.

त्याच्या चारच वर्षं आधी, १९५० साली, जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यानंतर सहकारी कारखाने वाढत गेले आणि त्यांना ऊस तोडायला माणसं लागली. ती आली आमच्यासारख्या कोरडवाहू भागातून, पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीडमधून. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचं, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, कारखान्याच्या आसऱ्याला कोपी बांधून राहायचं आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत.

आता शाळेचं वर्ष शेजारी ठेवून बघा. स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात हिवाळ्याच्या तोंडाशी. जादा तास रंगात येतात डिसेंबर-जानेवारीत. पेपर फेब्रुवारीत. म्हणजे एकाच जिल्ह्यात, पाच वर्षांच्या आत, दोन व्यवस्था उभ्या राहिल्या आणि दोन्हींचा हंगाम एकच.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट मला नंतर कळली. शिष्यवृत्तीच्या संचांमध्ये ग्रामीण, आदिवासी असे वेगवेगळे गट होते, आणि त्यात ग्रामीण भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठीही गट होता. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांना जोतीरावांचा मुद्दा अजिबात कळला नव्हता असं नाही. यादीत माझ्या मित्रासाठी रकाना होता. तारखेत मात्र नव्हता.

डेटाबेसमध्ये ‘शून्य’ आणि ‘नल’ यांत फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. माझा मित्र नापास झाला नाही, गैरहजरही राहिला नाही. गैरहजर लागायला सुद्धा आधी फॉर्म भरावा लागतो.

बुद्धी मोजण्याची पट्टी

बुद्धिमत्ता चाचणीचा उगमही सांगायला हवा. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली मापनश्रेणी तयार केली. हेतू होता शाळेत मागे पडणारी, जास्त मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्याचा. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं, ते ‘बॉम्बे-कर्नाटक रिव्हिजन’ म्हणून ओळखलं जातं.

म्हणजे पट्टी बनली होती मागे राहिलेल्याला शोधायला. आपण ती पुढे असलेल्याला शोधायला वापरली. यात गुन्हा नाही, पण गुरुजींच्या कंदिलाखालचे तीन महिने आठवले की एक शंका येते. ‘बुद्धिमत्ता’ ही सरावानं वाढत असेल, तर पेपर मोजतो ते काय? बऱ्याच अंशी तो तीन महिने मोजतो. ते तीन महिने गावात कुणाला मिळतात आणि कुणाला नाही, हे मोजतो.

चौथी, पाचवी, पुन्हा चौथी

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना आली. तिला धरून २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली. कागदावर तर्क बरोबर होता. पण गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच होत्या. पहिलीपासून पोरगं घडवणाऱ्या गुरुजींच्या हातून ते पाचवीला हायस्कूलला जायचं, आणि तिथे पाचवीचा वर्ग हा वेळापत्रकातला एक वर्ग असायचा. रात्री कंदील घेऊन बसणारं कुणी नव्हतं. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटली. निर्णय फिरवताना हेच कारण पुढे आलं.

त्याच कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं. त्यामुळे बाहेरून पेपर येणारी, गावाला ‘आपली शाळा कुठे आहे’ हे सांगणारी मोठी परीक्षा स्कॉलरशिपच उरली. म्हणूनच गुरुजींना तिचं इतकं होतं. तालुक्याला सत्कार व्हायचा हे खरं, निकाल खाली येऊ नये म्हणून ते निवडक पोरंच बसवायचे हेही खरं. पण इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात यायला लागली तेव्हा पालकांना दाखवायला त्यांच्याकडे स्कॉलरशिपच्या यादीशिवाय दुसरं काय होतं? पटसंख्या टिकली तर शाळा टिकणार. तो ‘उशिरा’ त्या सगळ्याबद्दल होता.

रकमेबद्दलही उशीरच. वर्षानुवर्षं जुनीच रक्कम चालू राहिली. २०२३ साली ती पाचवीला वर्षाला पाच हजार आणि आठवीला साडेसात हजार झाली. एका कोयत्याच्या उचलीपुढे हे पैसे किती, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. पोराला फेब्रुवारीपर्यंत गावात ठेवायचं तर आजी लागते, हंगामी वसतिगृह नीट चालावं लागतं, रात्री चूल पेटवणारं कुणी लागतं. शिष्यवृत्ती मिळते ती परीक्षेनंतर. गरज असते परीक्षेच्या आधी.

यंदाचा एप्रिल

माझा मित्र आता ट्रॅक्टरवर आहे. ऊसच वाहतो, पण तोडत नाही. दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

“आरं, भावाची पोरगी चौथीला हाये. तिला बसवायचीये स्कॉलरशिपला. पुस्तक कोणतं घिऊ?”

“पण ती तर कारखान्यावर असेल ना?”

“हाये की. म्हणून तर तुला इचारतोय. तारीख कधीची?”

मी बघून सांगितलं. हे बदलाचं वर्ष असल्यामुळे पाचवी-आठवीचे पेपर नेहमीसारखे फेब्रुवारीत, पण चौथी-सातवीचे एप्रिल-मेमध्ये. तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, “तवा तं पट्टा पडल्याला आसतो. आम्ही घरी आसतो.”

सत्तर वर्षांत ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी म्हणून ही तारीख कुणी सरकवली नाही. यंदा ती सरकली ती दोन इयत्तांचा गोंधळ निस्तरण्यासाठी, निव्वळ प्रशासकीय सोय म्हणून. पण सरकवता येते, एवढं तरी सिद्ध झालं. पुढच्या वर्षी ती पुन्हा फेब्रुवारीत गेली, तर निदान ‘शक्यच नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

मी शाळेत फोन केला. नवे सर बोलले, फॉर्म इथूनच भरू, फोटो आणि आधार तेवढं पाठवा. मित्रानं कोपीसमोर तिला उभं करून मोबाईलवर फोटो काढला. मागे उसाचं पाचट दिसत होतं. सर म्हणाले, पांढरी भिंत पाहिजे. मग त्यानं कारखान्याच्या गेटजवळची चुना दिलेली भिंत शोधली आणि दुसरा पाठवला.

पुस्तक मी पुण्याहून पाठवलंय. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर एक धडा करायचा असं ठरलंय. काल रेंज गेली आणि आरशातली प्रतिमा अर्धीच राहिली. पण कॉल तुटायच्या आत तिनं उत्तर सांगून टाकलं होतं. बोटानं हवेत आकृती न काढता.