दुव्यांची साक्ष

वकिलीच्या व्यवसायात आपल्या बाजूचा निवाडा सापडणे ही अर्धीच कामगिरी होय. त्या निवाड्याचे पुढे काय झाले, हे शोधण्याची उरलेली अर्धी अधिक जिकिरीची असते. नंतरच्या न्यायाधीशांनी तो उचलून धरला, मोडीत काढला, की निराळ्या वस्तुस्थितीस लागू नाही म्हणून बाजूस ठेवला, हे ठाऊक नसताना तो न्यायासनापुढे वाचणाऱ्या वकिलाची फजिती ठरलेलीच. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या बाडांत ज्यांनी संध्याकाळी घालविल्या आहेत, त्यांस हे सांगावयास नको.

अमेरिकेत या अडचणीवर इलिनॉय राज्यातील फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ साली तोड काढली. कोणत्या निवाड्याचा दाखला पुढे कोणकोणत्या निवाड्यांत दिला गेला, याच्या याद्या त्याने डिंक लावलेल्या कागदांवर छापल्या. वकिलाने त्या फाडून आपल्या पुस्तकातील मूळ निवाड्याशेजारी चिकटवावयाच्या. पुढे त्या याद्यांचे ग्रंथ झाले, आणि शेपर्डच्या नावाचे तिकडच्या वकिलांच्या बोलीत एक क्रियापदच बनले. या ग्रंथांचे खरे मोल मात्र दाखल्यापाशी छापलेल्या एकेका अक्षरात होते. अनुसरला, टीका केली, वेगळा ठरविला, रद्द केला, अशा त्या खुणा. कोणी नाव घेतले एवढ्यावर कायदा संतुष्ट नसतो. ते कशासाठी घेतले, हेही तो विचारतो.

आज गूगलवर एखादा शब्द टाकून पहिल्या तीन-चार उत्तरांवर विश्वास टाकणाऱ्या वाचकास त्या यंत्राची वंशावळ या वकिली वहीपर्यंत पोहोचते असे सांगितले, तर नवल वाटेल. पण ती पोहोचते खरी. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशीच दाखल्यांची सूची करावी असा प्रस्ताव मांडला, आणि शेपर्डचा नमुना आपल्यापुढे असल्याचे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. १९६४ साली त्यांची विज्ञानसूची नियमित निघू लागली. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख किती जणांनी केला हे तीत समजे. उल्लेख स्तुतीचा की खंडनाचा, ही खूण मात्र या स्थलांतरात गळून पडली. १९७६ साली गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नारिन यांनी आणखी एक सुधारणा सुचविली. सर्व दाखले सारखे मोजू नयेत. ज्या नियतकालिकास स्वतःस मान आहे, त्याने दिलेल्या दाखल्यास अधिक वजन द्यावे.

इकडे महाजालावर वेगळाच गोंधळ माजला होता. १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे मुख्यतः पानावर कोणते शब्द आहेत हे पाहून क्रम लावीत. तेव्हा धंदेवाइकांनी हवे ते शब्द पानभर पुन्हा पुन्हा लिहावे, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांतसुद्धा लिहावे, म्हणजे वाचकास दिसू नयेत पण यंत्रास दिसावे. आपल्या दाव्यात आपणच साक्षीदार, असा तो कारभार होता. एका पानावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा, म्हणजे इतरांची साक्ष, विचारात घ्यावी ही कल्पना त्या सुमारास अनेकांस सुचली. रॉबिन ली यांचे रँकडेक्स १९९६ चे, इटलीच्या मास्सिमो मार्कियोरी यांचा निबंध १९९७ चा, आणि जॉन क्लाइनबर्ग यांचे काम त्याच्याच आगेमागे. सगळा मान एकट्या स्टॅनफर्डच्या पदरात टाकणे न्याय्य नव्हे.

तथापि स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज व सर्गेई ब्रिन, यांनी ती कल्पना पूर्णत्वास नेली. त्यांच्या १९९८ च्या टिपणाच्या शीर्षकातच ‘सायटेशन’ म्हणजे दाखला हा शब्द आहे. रीत अशी. दुवा ही शिफारस मानावी. शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे वजन जितके अधिक, तितकी तिची किंमत अधिक. पण जो शंभर जणांस शिफारसपत्रे वाटतो, त्याच्या प्रत्येक पत्रास त्याच्या वजनाचा शंभरावा हिस्साच मिळावा. येथे न्यायशास्त्र वाचलेला वाचक तत्काळ म्हणेल की हा अन्योन्याश्रय दोष झाला. अ चे वजन ब वर आणि ब चे अ वर. या दोघांनी तो दोष गणिताने सोडविला. आरंभी सर्वांस सारखे वजन द्यावयाचे, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हिशोब पुन्हा पुन्हा करावयाचा. २ कोटी ६० लाख पानांचा असा हिशोब मध्यम प्रतीच्या संगणकावर काही तासांत होतो, असे त्यांनी लिहिले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगल कंपनी स्थापन झाली.

या पद्धतीने शोधात मोठी सुधारणा झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही तो या दरबारात उभाच राहू शकत नाही. एखाद्या देवस्थानाच्या समितीने आपल्या मंदिराचा इतिहास जुन्या दप्तरांतून काळजीपूर्वक काढून मांडला, आणि आपापसांत दुवे देण्याची सवय नसलेल्या लहान भाषेत तो पडून राहिला, तर प्रवासी दलालाचे चार ओळींचे पान त्याच्या वर बसण्यास हरकत नसते. आपल्या मराठी-कोंकणी मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण एकमेकांचे लिखाण वाचतो, पण त्याचा उल्लेख करण्यात कंजुषी करतो.

साक्षीला किंमत आली की भाडोत्री साक्षीदार येतात, हे कोणत्याही तालुका कोर्टाच्या आवारात दिसते. दुव्यांचाही बाजार भरला. केवळ एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठी शेकडो पाने रचली गेली. वाचकांच्या अभिप्रायांत यंत्रांकरवी दुवे पेरले गेले. तेव्हा २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. हा उल्लेख आहे, शिफारस नव्हे, असा तिचा अर्थ. शेपर्डच्या ग्रंथांतील हरवलेल्या अक्षरांपैकी एक असे परत आले. बाकीची आली नाहीत. २०१० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका चष्मेविक्रेत्याने वर्तमानपत्रास बढाई मारून सांगितले की गिऱ्हाइकांशी आपण मुद्दाम उद्धटपणे वागतो, कारण त्यांच्या तक्रारींनी आपले दुकान शोधात वर चढते. निंदेलाही यंत्र शिफारस समजते, असा त्याचा युक्तिवाद. काही दिवसांतच गूगलने आपली पद्धत बदलल्याचे जाहीर केले. त्या गृहस्थास पुढे गिऱ्हाइकांस धमकावल्याबद्दल व फसविल्याबद्दल तुरुंगवास झाला. लगेच २०११ च्या फेब्रुवारीत जे. सी. पेनी या जुन्या दुकानसंस्थेसाठी असंबद्ध स्थळांवर हजारो दुवे पेरलेले उघडकीस आले. आपण त्यांस संमती दिली नव्हती, असे त्या संस्थेचे म्हणणे.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मननीय प्रकरण त्याआधीचे. सर्चकिंग या ओक्लाहोमाच्या कंपनीने वजनदार पानांवरील दुवे विकण्याचा धंदा २००२ साली मांडला, आणि थोड्याच दिवसांत तिचे स्वतःचे वजन गूगलने उतरविले. सर्चकिंगने फिर्याद केली. २००३ च्या मे महिन्यात संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने ती फेटाळली. पानाचे वजन हे गूगलचे मत आहे, मत खोटे ठरविता येत नाही, आणि त्यास राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असा निवाड्याचा आशय. निवाडा मला तर्कशुद्ध वाटतो, आणि अपुरा वाटतो. हजारो लोकांच्या साक्षी गोळा करून, त्यांस वजनकाट्यावर घालून जो आकडा काढावयाचा, तो काढताना त्यास गणित म्हणावयाचे आणि कोणी जाब विचारला की मत म्हणावयाचे, ही सोय फार थोड्या पक्षकारांस लाभते.

पुढे २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा फेरफार करून विकतच्या व बनावट दुव्यांवर मोठाच हात उगारला. त्याबरोबर एक नवी भीती उत्पन्न झाली. माझ्या वाइटावर असलेल्या व्यापाऱ्यानेच माझ्या नावे खोट्या शिफारशी विकत घेतल्या तर? त्याच ऑक्टोबरात त्यावर सोय करण्यात आली. अमुक अमुक दुवे आमचे मानू नयेत, अशी यादी स्थळाच्या मालकाने गूगलकडे सादर करावी. आपली स्तुती करणाऱ्यांस जाहीरपणे नाकारण्याचे हे प्रतिज्ञापत्रच म्हणावयाचे. २०१६ च्या सप्टेंबरपासून पेंग्विनच्या कक्षेतील अशा दुव्यांबद्दल शिक्षा करण्याऐवजी ते हिशोबातून वगळण्याचे धोरण आले. नाकारण्याच्या यादीची सोय मात्र त्यानंतरही चालू ठेवण्यात आली.