सपाट प्रदेशातील चढउतार

सायकलींच्या इतिहासात डोंगराला जरा अधिकच मान मिळत आला आहे. आल्प्स आणि पिरनीजच्या घाटांवर युरोपीय वृत्तपत्रांनी महाकाव्याची भाषा खर्च केली. त्यामुळे सपाट प्रदेश म्हणजे दोन घाटांमधली रिकामी जागा, असा समज रूढ झाला. पूर्व इंग्लंडमधील ‘फेन्स’ हा प्रदेश या समजाची चांगलीच परीक्षा घेतो. केंब्रिजच्या उत्तरेपासून थेट ‘वॉश’ या उपसागरापर्यंत सुमारे चार हजार चौरस किलोमीटर पसरलेली ही भूमी समुद्रसपाटीलगत आहे, काही ठिकाणी तर तिच्याही खाली. ईलीचे कॅथीड्रल येथे मैलोगणती दुरून दिसत राहते आणि सायकलस्वाराला काही केल्या ते जवळ येत नाही. चढण नाही म्हणावे, तर समोरचा वारा तिची उणीव भासू देत नाही. घाटाला माथा असतो, वाऱ्याला तो नसतो.

मात्र ही सपाटी निसर्गदत्त नाही. ती केलेली आहे, आणि कोणी, कोणाच्या पैशाने व कोणाला बाजूला सारून केली, हे सांगता येते.

सतराव्या शतकापर्यंत येथे दलदल, लव्हाळी आणि उथळ तळी होती. लोक ईल मासे पकडत, पाणपक्षी मारत, छपरांसाठी वेत कापत आणि पाणी ओसरले की सामाईक कुरणांवर गुरे चारत. बाहेरच्यांना हा प्रदेश रोगट व ओसाड वाटे. राहणाऱ्यांना तो तसा वाटत होता, असे मानण्याचे कारण नाही. 1630 मध्ये बेडफर्डच्या अर्लने आणि तेरा भांडवलदारांनी ही दलदल कोरडी करण्याचे काम अंगावर घेतले. मोबदल्यात त्यांना 95,000 एकर जमीन मिळायची होती. या भांडवलदारांना ‘ॲडव्हेंचरर्स’ म्हणत. साहस अंगाचे नव्हते, पैशाचे होते. अंगाचे कष्ट दुसऱ्यांचे : डनबारच्या लढाईत (1650) पकडलेल्या स्कॉटिश सैनिकांकडूनही येथे कालवे खणवून घेतले गेले. विकेनजवळच्या एका पट्ट्याला आजही ‘ॲडव्हेंचरर्स फेन’ म्हणतात. ते नाव वाचून एखाद्या हौशी सायकलस्वाराला तो आपलाच गौरव वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

डच अभियंता कोर्नेलियुस व्हर्मायडेन याने नद्यांची वळणे टाळून दोन सरळ कालवे समुद्राच्या दिशेने काढले. पहिला 1637 मध्ये, दुसरा 1651 मध्ये. स्थानिकांनी बांध फोडले, दंगे केले. पुढे त्यांच्या नावाला ‘फेन टायगर्स’ हे बिरूद चिकटले. अखेर त्यांची कुरणे गेलीच. परंतु त्यांच्याहून चिवट प्रतिकार केला तो जमिनीने.

येथील काळी माती म्हणजे ‘पीट’; पाण्याखाली हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. तो ओला आहे तोवरच फुगलेला राहतो. पाणी काढले की आक्रसतो, मग हवा लागून अक्षरशः विरून जातो. उरलेला वसंतातल्या वाऱ्याबरोबर उडतो. त्यामुळे जमीन जितकी यशस्वीपणे कोरडी झाली, तितकी ती खचत गेली. बांधांमधल्या नद्या होत्या तिथेच राहिल्या आणि शेते त्यांच्या खाली गेली. मग पाणी वर उचलण्यासाठी पवनचक्क्या आल्या. त्या अपुऱ्या पडल्यावर एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आली. प्रत्येक नव्या यंत्राने जमीन आणखी खाली नेली आणि पुढच्या यंत्राची गरज निर्माण केली.

व्हिटल्सी मीअर हे दक्षिण इंग्लंडमधील सर्वांत मोठे तळे 1851 मध्ये उपसले गेले. त्यासाठी ॲपॉल्डचा केंद्रोत्सारी पंप वापरला. तोच शोध त्या वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात लोक कुतूहलाने पाहत होते. तळाच्या चिखलात रॅम्सी मठाचे मानले जाणारे मध्ययुगीन चांदीचे धूपपात्र सापडले. लार्ज कॉपर हे तांबूस फुलपाखरू याच सुमारास ब्रिटनमधून नाहीसे झाले. जवळच्या होम फेनमध्ये पीटमधून खालच्या चिकणमातीत एक लोखंडी खांब रोवण्यात आला. त्याचे टोक जमिनीशी समतल होते. पहिल्या दहा वर्षांतच तो जवळजवळ दीड मीटर उघडा पडला. आज तो सुमारे चार मीटर वर दिसतो. खांब अर्थातच तसूभरही हललेला नाही.

हा इतिहास पुस्तकात वाचता येतो, पण रस्त्यावर तो आधी गुडघ्यांना कळतो. पीटवरचे रस्ते लाटांसारखे वरखाली होतात, कारण खालचा थर सर्वत्र सारखा खचत नाही. मैलभर सरळ गेलेला रस्ता एखाद्या कालव्यापाशी अचानक काटकोनात वळतो. ते वळण शेताच्या हद्दीचे असते, भूगोलाचे नसते. कुठे मात्र रस्ता नागमोडी होतो आणि सभोवारच्या शेतांहून किंचित उंचावरून जातो. ती बहुधा ‘रॉडन’ची, म्हणजे प्राचीन नदीच्या गाळाने भरलेल्या पात्राची, खूण. पीट खचले, गाळ खचला नाही. आणि नदी टेकाड होऊन बसली. नदी पाहायची तर मान वर करावी लागते आणि पूल गाठायचा तर चढ चढावा लागतो. डोरोथी सेयर्स यांच्या ‘द नाइन टेलर्स’ (1934) या कादंबरीच्या आरंभी नायकाची मोटार अशाच एका पुलाच्या वळणावर खड्ड्यात जाते. सेयर्स धर्मगुरूची मुलगी, फेन्सच्या काठावर वाढलेली. कथानकाचा प्रारंभ म्हणून तिला हा अपघात शोधून काढावा लागला असेल, असे वाटत नाही.

सायकल-शर्यतींचा इतिहासही या भूमीला खेटून जातो. लंडनहून उत्तरेला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड फेन्सच्या पश्चिम कडेने जातो. 1885 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ रोड क्लबची हीच कर्मभूमी. जुलै 1894 मध्ये या क्लबच्या शर्यतीत एका घोडागाडीशी धडक झाली, पोलिसांनी दटावले आणि राष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींना मनाई केली. त्यावर एफ. टी. बिडलेक यांनी तोड काढली : स्वारांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडायचे, आणि प्रत्येकाने घड्याळाशी झुंजायचे. ऑक्टोबर 1895 मध्ये अशी पहिली शर्यत झाली. पुढे पहाटेची वेळ, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे आणि मार्गाचे सांकेतिक नाव असा गुप्त संप्रदायाला शोभणारा थाट तयार झाला. युरोप घोळक्याने शर्यती करत असताना इंग्रज स्वार एकटाच, चोरासारखा, सपाट रस्ता शोधत राहिला.

याच रस्त्याने त्यापूर्वी अर्धशतक, जुलै 1841 मध्ये, जॉन क्लेअर हा कवी एसेक्समधील मनोरुग्णालयातून पळून चार दिवस चालत घरी गेला होता. भुकेपोटी त्याने वाटेतले गवत खाल्ले. दमून तो स्टिल्टनला रस्त्याच्या कडेला आडवा झाला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला काही मैलांवर व्हिटल्सी मीअर अजून पाण्याने भरलेले होते. त्याच्या हेल्पस्टन गावची सामाईक जमीन 1809 च्या कायद्याने कुंपणात गेली होती आणि तो घाव त्याच्या कवितेत शेवटपर्यंत राहिला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला क्लेअर माहीत असतो आणि सायकलच्या अभ्यासकाला बिडलेक. एका रस्त्यावरून गेलेले हे दोघे एका पुस्तकात क्वचितच भेटतात. शर्यतींच्या नोंदींत हा प्रदेश ‘वेगवान मार्ग’ एवढ्याच विशेषणाने उरकला जातो. तो वेगवान कशामुळे झाला, हा प्रश्न त्या नोंदींना पडत नाही, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

आता चक्र काहीसे उलटे फिरू लागले आहे. विकेन फेनचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्टने 1899 मध्ये घेतला. न उपसलेले ते रान आज भोवतालच्या शेतांहून उंचावर आहे आणि तिथून लोड्स वे नावाचा सायकलमार्ग जुन्या कालव्यांवरून जातो. लेकनहीथ येथे गाजराच्या शेतांत पुन्हा पाणी सोडल्यावर 2007 मध्ये क्रौंच पक्ष्यांनी घरटी केली. सुमारे चारशे वर्षांनी ते फेन्समध्ये परतले होते. होम आणि वुडवॉल्टन या दोन रानांमधली सुमारे 3,700 हेक्टर जमीन पुन्हा पाणथळ करण्याचा ‘ग्रेट फेन’ प्रकल्प 2001 पासून चालू आहे. तिथे पाणकणसासारखी ओल्या जमिनीतली पिके घेण्याचे प्रयोगही झाले. शेतकऱ्याला हे सहज पटावे असे नाही. इंग्लंडमधील पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळजवळ निम्मी फेन्समध्ये आहे, आणि ती ज्याची आहे त्याच्या पूर्वजांनी कुरणे बळकावली होती की गमावली होती, हे आज कोणालाही सांगणे कठीण.

होमहून रॅम्सी सेंट मेरीजकडे जाणारा रस्ता या सगळ्यातून जातो. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या डांबराला लांबच लांब भेगा पडतात. त्या बुजवून वर नवा थर चढवला जातो आणि त्या थराच्या वजनाने रस्ता आणखी थोडा खाली जातो.