रात्री जेवणावर गोड खाल्लं की पोट बिघडतं? गोड कमी कसं करायचं, कशानं बाधतं आणि दवाखान्यात कधी जायचं

आष्टी (ता. परतूर) : लग्नाची पंगत असो, सप्त्याचा काला असो की घरचा सण, ताटात गोड नसलं तर जेवण झालंय असं आपल्याकडं वाटतच नाही. त्यात आता गावातल्या किराणा दुकानातही फ्रीज आला. रानातून यायला उशीर होतो, साडेनऊला जेवण होतं, मग लेकरं कुल्फीला पळतात आणि मोठी माणसं डब्यातला पेढा नाहीतर लाडू काढतात. ज्यांचं पोट दणकट आहे त्यांचं भागतं. पण ज्यांना करपट ढेकर, छातीत जळजळ, पोटात गुबारा किंवा सकाळी उठल्या उठल्या पातळ संडास असा त्रास आहे, त्यांना हे रात्रीचं गोड हमखास नडतं.

"गोड बंद करा" असं सांगणं सोपं आहे. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी हात परत डब्याकडं जातो. म्हणून बंद करण्यापेक्षा कमी कसं करायचं, याची माहिती इथं एकत्र दिली आहे. जपून ठेवा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

रात्रीचंच गोड का बाधतं?

कारणं तीन आहेत आणि रात्री ती एकत्र येतात.

पहिलं, तूप-तेल. आपलं बहुतेक गोड तुपात भिजलेलं नाहीतर तेलात तळलेलं असतं. स्निग्ध पदार्थ पोटातून पुढं सरकायला वेळ घेतात. आधीच पोटभर जेवण, त्यावर दोन गुलाबजाम, म्हणजे पोट बराच वेळ भरलेलं राहतं.

दुसरं, आडवं होणं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. पोट गच्च भरलेलं असताना आडवं झालं की आम्ल त्या झडपेतून वर येतं. त्यालाच आपण पित्त वर आलं म्हणतो.

तिसरं, साखरेचं आंबणं. साधी साखर बहुतेकांना पचते. पण दुधातली साखर, फळातली साखर आणि डाळीतले काही घटक काही जणांच्या लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढून घेतात आणि तिथले जंतू ते आंबवतात. त्यातून गॅस होतो, पोट फुगतं, जुलाब होतात.

कोणतं गोड कशामुळं बाधतं?

• जिलेबी, बुंदी, गुलाबजाम, करंजी : तळलेलं आणि पाकातलं. जळजळीचा त्रास असणाऱ्यांनी रात्री टाळलेलं बरं.

• बासुंदी, खीर, पेढा, कुल्फी : यात दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असतं. वय वाढलं की अनेकांच्या आतड्यात ते पचवणारा पाचकरस कमी होतो. साधं दूध प्यायल्यावरही पोट गुडगुडत असेल तर कारण हेच असू शकतं. अशा माणसाला दही-ताक बऱ्याचदा सोसतं, कारण विरजणात लॅक्टोज काही प्रमाणात कमी होतं.

• पुरणपोळी : इथं एकटा गूळ दोषी नसतो. हरभऱ्याची डाळ आणि गहू या दोन्हींत आतड्यात आंबणारे घटक असतात. वरून तूप, गुळवणी नाहीतर दूध. दुपारी एक पोळी सोसते, रात्री तीन सोसत नाहीत, ते यामुळंच.

• आमरस : आंबा फळच आहे, पण त्यात फळातली साखर जास्त असते. वाटीवर वाटी रिचवली की पोट ढिलं होतं. वरून साखर घातली तर आणखी भर.

• थंड पेय : साखर आणि गॅस दोन्ही एकत्र. अडीचशे मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. जेवण जिरवायला म्हणून हे पिणं उलटं पडतं.

• 'शुगर फ्री' मिठाई आणि चॉकलेट : यातल्या बऱ्याच मालात सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असे पदार्थ असतात. त्यांनी गॅस आणि जुलाब होतात. नाजूक पोटाच्या माणसानं पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच घ्यावं.

गूळ खाल्ला तर चालतो का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. गुळाला चव वेगळी आहे, थोडे खनिज पदार्थही आहेत. पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. रक्तातली शुगर गुळानंही वाढते. साखरेच्या जागी गूळ घातला म्हणून दुप्पट खायची मोकळीक मिळत नाही. मधाचंही तसंच, शिवाय मधात फळातली साखर जास्त असल्यानं काहींना त्यानं गॅस होतो.

दिवसाला किती साखर पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावं आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सपाट सहा चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेला सल्लाही २५ ते ३० ग्रॅमच्या आत राहण्याचाच आहे.

आता आपला हिशेब लावा. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कप चहात १० चमचे, म्हणजे ४० ग्रॅम झाली. रात्रीचा लाडू अजून बाकीच आहे. म्हणून गोड कमी करायचं तर सुरुवात चहापासून करावी लागते.

टप्प्याटप्प्यानं कमी कसं करायचं?

पहिला आठवडा : काहीच बंद करू नका, फक्त लिहून ठेवा. रात्री काय गोड खाल्लं, किती वाजता, सकाळी पोट कसं होतं. मोबाईलच्या नोंदवहीत दोन ओळी पुरतात. आठ दिवसांत कशानं बाधतं याचा अंदाज येऊ लागतो.

दुसरा आठवडा : गोड रात्रीवरून दुपारवर आणा. दुपारी जेवल्यावर माणूस कामाला लागतो, लगेच झोपत नाही. आपल्या जुन्या पंगतीत गोड जेवणाच्या शेवटी वेगळं येत नव्हतं, ते पानातच असायचं. सुश्रुतसंहितेतही गोड चव जेवणात आधी घ्यायला सांगितली आहे. पोट भरल्यावर वरून गोड ढकलण्यापेक्षा जेवणातच चार घास गोडाचे खाल्लेले बरे.

तिसरा आठवडा : माप निम्मं करा. मोठ्या वाटीऐवजी छोटी वाटी, दोनाऐवजी एक लाडू. चहात पाव चमचा साखर कमी करा, आठ दिवसांनी आणखी पाव. जीभ हळूहळू सवय करून घेते.

चौथा आठवडा : रात्रीचं गोड आठवड्यातून एक-दोन वेळा, ठरवून. ज्यानं नक्की त्रास होतो ते काही आठवडे पूर्ण सोडा, मग थोडं खाऊन पाहा. एका वेळी एकच पदार्थ तपासा. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं नाजूक आतड्यासाठी जी आहारपद्धत तयार केली, तीही अशीच आहे : आधी सोडायचं, मग एकेक परत आणून बघायचं. सगळंच कायमचं सोडायची गरज नसते.

रात्री गोडाची तलफ आली तर?

• साधी बडीशेप चघळा. रंगीत, साखर लावलेली नको.

• सोसत असेल तर छोटं पिकलेलं केळ किंवा पपईच्या दोन फोडी.

• मोसंबी आपल्या जिल्ह्याची शान, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण ती आंबट. जळजळ होत असेल तर रात्री नको, दिवसा खा. रसापेक्षा फोडी बऱ्या.

• शतपावली करा. दहा-पंधरा मिनिटं चाललं की तलफही जाते आणि जेवणानंतर वाढणारी शुगरही कमी राहते.

• जेवणानंतर तंबाखू, गुटखा नको. तंबाखूनं ती झडप ढिली पडते आणि पित्त जास्त वर येतं. पुदिन्याच्या गोळ्यांनीही काहींची जळजळ वाढते.

झोपायच्या आधी दोन-तीन तास जेवण उरकावं. ज्यांना रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जावं लागतं, त्यांनी जाण्याआधी हलकं खावं. भरल्या पोटी वाकून काम केलं तरी पित्त वर येतं. जळजळ जास्त असेल तर बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं, फायदा होत नाही.

आग्रहाचं काय करायचं?

खरी अडचण इथंच आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही आणि सासूबाईंना वाढल्याशिवाय राहवत नाही. "घ्या ना जावईबापू, एवढ्यानं काय होतं!" असं म्हटलं की माणूस अडकतो. यावर उपाय म्हणजे आधीच सांगणं : "मामी, पोट नाजूक आहे, अर्धंच वाढा. ते मात्र आवडीनं खातो." ताटात पडल्यावर टाकून देण्यापेक्षा वाढतानाच हात आडवा करावा. वाढणाऱ्यांनीही समजून घ्यावं. एखाद्याला त्रास होतो हे माहीत असून आग्रह करणं म्हणजे त्याची रात्र खराब करणं.

शुगरच्या रुग्णांनी हे नक्की वाचा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोकांना त्याच्या आधीची अवस्था असल्याचं आढळलं. अनेकांना ते माहीतही नसतं. ३० वर्षांवरच्या लोकांची शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात होते. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं, डोळ्यापुढं अंधारी ही शुगर उतरल्याची लक्षणं. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. तिथं "गोड बंद आहे" म्हणून थांबायचं नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

औषधाच्या दुकानातून गोळी घेताना

पित्ताची गोळी दोन-चार दिवस घेणं वेगळं आणि महिनोन्महिने मनानं घेणं वेगळं. पाण्यात टाकून प्यायच्या क्षाराच्या पुडीत सोडियम बरंच असतं, बीपी आणि किडनीच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्यानं जठरात जखम होऊ शकते. तसं असेल तर गोड सोडून काही फरक पडणार नाही.

दवाखान्यात कधी जायचं?

• उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, ते डॉक्टरांना सांगा)
• घास गिळताना अडकणं
• काही न करता वजन उतरणं
• वारंवार उलट्या, ताप, किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास
• गोड कमी करूनही महिनाभरात फरक न पडणं

आणि सगळ्यात महत्त्वाचं : छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत घाम आणि दम लागणं, हे पित्त समजून घरी बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. "काल बुंदी जास्त झाली" म्हणत सोडा पिऊन झोपणं जिवावर बेतू शकतं. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

सणाला गोड खावं, पंगतीतही खावं. फक्त दुपारी, बेतानं आणि आपल्या पोटाला काय सोसतं ते ओळखून.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या आजारासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)