वडिलांच्या नावाची टेकडी

सुरुवातीलाच कबूल करते, मला वाइनमधलं फारसं कळत नाही. द्राक्षांमधलं थोडंफार कळतं, कारण आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात आणि शाळेच्या बहुतेक सुट्ट्या काकांच्या द्राक्षबागेत गेल्या. त्यामुळे ऑनसाइट असताना एका जुलैच्या शनिवारी टीममधली मंडळी "सोनोमाला जाऊ या" म्हणाली, तेव्हा मी वाइन प्यायला कमी आणि वेली बघायलाच जास्त निघाले.

सोनोमा हे नाव नाशिककरांना अगदीच परकं नाही. ऑरॅकलमधली नोकरी सोडून गावी परतलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला 'सुला' उभी केली, तेव्हा वाइन बनवायचं तंत्र शिकवायला आलेले केरी डॅम्स्की हे सोनोमाचेच. म्हणजे आमच्या गंगापूर धरणाकाठच्या वाइनचे गुरुजी इकडचे! पण आज गोष्ट सांगायची आहे ती दुसऱ्याच कोणाची. ही गोष्ट स्पेनमधून सुरू होते.

त्याआधी थोडं हवामान. सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ नंबरच्या हायवेने उत्तरेला जायचं आणि सेबॅस्टोपोल गावाच्या पश्चिमेला वळायचं. हा भाग ग्रीन व्हॅली. सकाळचे अकरा वाजले होते, जुलै महिना, आणि आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो. समोरची टेकडी धुक्यात अर्धी गायब. कारण सोपं आहे. इथून प्रशांत महासागर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि या किनाऱ्याचं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार. तिकडे आतल्या खोऱ्यांत जमीन तापते, हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, दमट हवा डोंगरांच्या फटींतून आत ओढली जाते. तेच हे धुकं. दुपारी ते विरतं, छान ऊन पडतं, संध्याकाळी परत हजर. द्राक्षं सावकाश पिकतात. साखर हळूहळू चढते, आंबटपणा टिकून राहतो. पिनो न्वार आणि शार्दोने या दोन जातींना हेच लागतं. आपल्याकडे नाशिकला वेल कधी पूर्ण झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. इकडे हिवाळ्यात वेल पानं टाकून गाढ झोपतो, आणि एका छाटणीत भागतं.

पूर्वी हा सगळा पट्टा ग्रॅव्हेन्स्टीन सफरचंदांसाठी प्रसिद्ध होता. द्राक्षांना इथे फार थंडी, असंच बरेच जण म्हणायचे. अशा जागी १९८६ साली एका बाईंनी द्राक्षाच्या वेली लावल्या. त्यांचं नाव मारिमार तोरेस.

आता स्पेनकडे जाऊ. बार्सिलोनाजवळ कातालोनियाच्या पेनेदेस भागात विलाफ्रांका नावाचं गाव आहे. तोरेस घराणं तिथे सतराव्या शतकापासून द्राक्षं पिकवतंय. या घरातले हाइमे तोरेस नशीब काढायला क्युबाला गेले, तेल आणि जहाजांच्या धंद्यात पैसा कमावला आणि परत येऊन १८७० साली भावाबरोबर वाइनची कंपनी काढली. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि १९३९ साली वायनरीवर बाँब पडले. राखेतून ती पुन्हा उभी केली मारिमारच्या वडिलांनी, मिगेल तोरेस कार्बो यांनी. माणूस जबरदस्त. पिंपातून सुटी वाइन विकण्यापेक्षा स्वतःच्या नावाची बाटली विकायची, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्या महायुद्धामुळे फ्रेंच वाइनचा पुरवठा आटला, तेव्हा हे अमेरिकेत आपल्या बाटल्या खपवत होते. गळ्यात छोटा प्लास्टिकचा बैल लटकवलेली 'सांग्रे दे तोरो' त्यांचीच, १९५४ सालची.

त्यांचा मुलगा मिगेल (बापलेकांचं नाव एकच, आपल्याकडे गोंधळच झाला असता) फ्रान्समध्ये दिजोंला शिकून आला. त्याने पेनेदेसमध्ये काबर्ने सोव्हिन्यों लावलं, आणि १९७९ साली पॅरिसच्या एका मोठ्या स्पर्धेत त्यांच्या १९७० सालच्या वाइनने शातो लातूरसारख्या दिग्गज फ्रेंच वाइनला मागे टाकलं. त्याच वर्षी या लोकांनी चिलीतही जमीन घेऊन काम सुरू केलं. थोडक्यात, घर जोरात होतं.

आणि घरात मुलगीही होती. १९४५ सालचा जन्म, बार्सिलोना विद्यापीठातून व्यापार आणि अर्थशास्त्राची पदवी, सहज बोलता येतील अशा अर्धा डझन भाषा. आजच्या हिशोबाने थेट बोर्डावरच घ्यावं असा बायोडेटा. पण वडील जुन्या वळणाचे आणि करड्या शिस्तीचे. मुलीने धंद्यात यावं हे त्यांच्या गळी उतरायला फार वेळ लागला.

इथे वडिलांना एकट्याला व्हिलन करून चालणार नाही, कारण अख्खी व्यवस्थाच तशी होती. कातालोनियात शेकडो वर्षं 'एरेउ' नावाची पद्धत आहे. घर आणि जमीन थोरल्या मुलाला. कायद्याने मालमत्तेचा चौथा हिस्सा सगळ्या मुलामुलींत मिळून वाटायचा, बाकी सगळं वारसाचं. शेताचे तुकडे पडू नयेत हा त्यामागचा विचार, आणि त्यात तथ्यही होतं. कातालोनियातली जुनी दगडी शेतघरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच नावाने उभी राहिली ती यामुळेच. मुलीला वारसा मिळायचा, पण घरात मुलगा नसेल तरच. अशा मुलीला 'पुबिया' म्हणायचे.

त्यात वर फ्रँकोची राजवट. १९७२ पर्यंत स्पेनमध्ये पंचवीस वर्षांखालच्या सज्ञान मुलीलासुद्धा आईवडिलांच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नसे. अपवाद दोनच, लग्न किंवा मठ. आणि लग्न झालं की नोकरी, बँकेतलं खातं, एखादा करार, सगळ्याला नवऱ्याची परवानगी. ही अट गेली १९७५ च्या मे महिन्यात. वाचताना मी तारीख दोनदा तपासली. अठराशे नाही, एकोणीसशे पंचाहत्तर!

त्याच १९७५ साली मारिमारबाई एका अमेरिकन वाइन समीक्षकाशी लग्न करून कॅलिफोर्नियाला आल्या. लग्न टिकलं नाही, त्या मात्र टिकल्या. अमेरिकेत तोरेसच्या वाइनची विक्री वाढवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि दहा-अकरा वर्षांत ती अनेक पटींनी वाढवून दाखवली. घरच्या धंद्यात जे दार समोरून उघडेना, ते त्यांनी सेल्सच्या आकड्यांनी उघडलं. (हे वाक्य आमच्या ऑफिसातल्या काही जणींना जास्त कळेल.) मग घरच्यांची साथ मिळवून ग्रीन व्हॅलीत ही टेकडी. १९८६ ला पहिल्या वेली, १९८९ ची पहिली शार्दोने, १९९२ ची पहिली पिनो न्वार. मध्येच १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षशेती आणि वाइननिर्मिती शिकायला गेल्या. मुलगी क्रिस्तिनाही त्याच वर्षीची. मला दोन सर्टिफिकेशन एकदम झेपत नाहीत.

आता गंमत बघा. 'स्पॅनिश घराण्याचा वारसा' म्हटलं की आपल्याला वाटतं स्पॅनिश द्राक्षं आली असतील. छे. शार्दोने आणि पिनो न्वार दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या बर्गंडीतल्या. उबदार पेनेदेसमधल्या जाती या धुक्यात चालतील याची खात्री नव्हती, म्हणून जागेला मानवेल ते लावलं. आल्बारिन्योसारख्या स्पॅनिश जाती नंतर आल्या, आणि आल्बारिन्यो तर मुळात स्पेनच्या पावसाळी, गार गालिसियातली.

मग वारसा आला कुठून? तर लावणीच्या पद्धतीतून. कॅलिफोर्नियात त्या काळी सर्रास आठ बाय बारा फुटांवर एक वेल लावत. हिशोब करा, एकराला साधारण साडेचारशे वेली. मधून मोठे ट्रॅक्टर आरामात जावेत ही सोय. बाईंनी युरोपच्या पद्धतीने एकरी दोन हजारांवर वेली लावल्या. एका वेलीच्या वाट्याला बावीस चौरस फूटसुद्धा नाही. दाटीमुळे मुळं बाजूला पसरण्याऐवजी खाली जातात, वेल मर्यादेत वाढतो, प्रत्येकावर मोजके घड येतात आणि त्यांत चव उतरते, असं युरोपातल्या बागाईतदारांचं म्हणणं. खर्च मात्र बराच जास्त. रोपं जास्त, तारा जास्त, मजूर जास्त, वर ओळींत मावतील असे अरुंद ट्रॅक्टर. उतारावर हे करायचं म्हणजे आणखी कष्ट. पण घरून काय आणायचं आणि काय तिकडेच ठेवायचं, हे त्यांनी नीट निवडलेलं दिसतं. जात तिकडेच राहिली, शिस्त बरोबर आली.

आणि त्या मळ्याला नाव दिलं 'डॉन मिगेल'. वडिलांचं.

माझी गाडी इथे बराच वेळ अडकली. ज्या वडिलांना मुलीने धंद्यात येणंच रुचत नव्हतं, त्यांचंच नाव? १९९१ साली ते वारले, म्हणजे त्या टेकडीवरच्या पिनो न्वारची पहिली बाटली भरली जाण्याआधीच. पुढे २००२ मध्ये समुद्राच्या आणखी जवळ दुसरा मळा लावला, त्याला आईचं नाव, 'दोन्या मार्गारिता'. एका खास पिनो न्वारला मुलीचं, 'क्रिस्तिना'. वायनरीची इमारतसुद्धा कातालान शेतघराच्या, 'मासिया'च्या धाटणीची. कोणी याला माफी म्हणेल, कोणी टोमणा. मला वाटतं, हा हक्क आहे. घराचं नाव पुढे चालवायचं काम एरेउचं असतं. ते त्यांनी कोणी न सोपवता केलं.

एक शेवटचा तपशील. गेल्या काही वर्षांत पेनेदेस तापू लागलं आहे. तोरेस घराण्याने गारव्यासाठी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे, हजार मीटरच्या आसपास उंचीवर द्राक्षं लावली आहेत. म्हणजे सगळ्यांना 'फार थंड' वाटणारी जागा निवडणाऱ्या बहिणीच्या मागोमाग घरचेही गारव्याच्या शोधात टेकड्या चढू लागले.

असो. त्या दिवशी टेकडीवर उभी असताना मला आठवत होती माझी आत्या. आमच्या घरात द्राक्षातलं सर्वात जास्त तिला कळायचं. विरळणीला बायका लावायच्या कधी, डिपिंगचं द्रावण कसं करायचं, पानावरचा डाग भुरीचा की डावणीचा, सगळं तोंडपाठ. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, देशभरात तो २००५ साली आला. आणि त्यानंतर काही वर्षांनी आत्याने तहसील कचेरीत हक्कसोड पत्रावर सही केली. जबरदस्ती कोणी केली नाही. "माहेर तुटायला नको" एवढंच म्हणाली. दर दिवाळीला तिला साडी मिळते आणि फेब्रुवारीत द्राक्षांची एक पेटी.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये कायदा आड आला होता. आमच्याकडे कायदा बाजूने होता, तरी सही झालीच.

परत आल्यावर मी तिला त्या टेकडीचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून मोबाइल जवळ धरला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "एवढी दाट लावण? हवा खेळेल का गं आत? डावणी येईल." मग बराच वेळ काही बोलली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "आणि ही सगळी जमीन त्या बाईच्याच नावावर?"

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आपापल्या घरचा सातबारा एकदा काढून बघा, मंडळी. ऑनलाइन मिळतो. कोणाची नावं आहेत ते तर बघाच, पण कोणाची कमी झाली आहेत तेही बघा.