निद्रानाशावरील शामक अवसादरोधके
निद्रानाशावरील शामक अवसादरोधके : अवसाद (दीर्घकाळ टिकणारी विकारी खिन्नता) या विकारावरील, परंतु गुंगी आणण्याच्या गुणामुळे निद्रानाशातही दिली जाणारी औषधे. ॲमिट्रिप्टिलीन, डॉक्सेपिन, ट्रिमिप्रामीन, ट्रॅझोडोन व मिर्टाझापीन ही त्यांपैकी प्रमुख होत. गुंगी येणे व निद्रेची घडण सुधारणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

मानवी मेंदूतील विद्युत् लहरींचे आलेखन हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शीघ्र नेत्रगती निद्रेचे वर्णन केले. या अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे जलद हलतात व ठळक स्वप्ने पडतात. निरोगी प्रौढात ती एकूण निद्रेच्या सु. २० ते २५ टक्के असते. उरलेल्या निद्रेच्या चार अवस्था ॲलन रेक्टशाफेन व अँथनी केल्स यांच्या १९६८ च्या नियमपुस्तिकेने निश्चित केल्या. त्यांपैकी तिसरी व चौथी म्हणजे मंद लहरींची गाढ निद्रा होय. २००७ च्या अमेरिकन नियमावलीत या दोन्ही एकत्र करण्यात आल्या.

स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलांट कून यांनी इमिप्रामिनाचा अवसादरोधक गुण १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच त्रिवलयी गटातील ॲमिट्रिप्टिलीन अमेरिकेत १९६१ मध्ये वापरात आले. हिस्टामिनाचे ग्राही रोखले गेल्याने या औषधाने गुंगी येते. तर नॉरएपिनेफ्रीन व सेरोटोनीन यांची क्रिया वाढल्याने आणि ॲसिटिलकोलिनाची घटल्याने शीघ्र नेत्रगती निद्रा उशिरा सुरू होते व तिचे प्रमाण कमी होते. औषध एकाएकी थांबविल्यास ती उसळून परत येते आणि तीव्र स्वप्ने पडतात. ट्रिमिप्रामीन मात्र याच गटातील असूनही ही निद्रा फारशी दडपत नाही. ट्रॅझोडोनामुळे अनेक अभ्यासांत गाढ निद्रा वाढलेली आढळली.

अवसादाच्या रुग्णांत शीघ्र नेत्रगती निद्रा नेहमीपेक्षा लवकर सुरू होते. अशा रुग्णांना त्या निद्रेतून वारंवार जागे केल्यास अवसाद कमी होतो, असे जेरल्ड व्होगेल व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडले. त्यामुळे या निद्रेचे दमन उपचारास उपकारक मानले जाऊ लागले. परंतु अवसाद नसलेल्या निद्रानाशाच्या रुग्णास हा तर्क लागू पडत नाही.

बेंझोडायाझेपीन गटातील झोपेच्या औषधांची सवय लागण्याच्या भीतीने अमेरिकेत १९८७ ते १९९६ या काळात त्यांचा वापर घटला व शामक अवसादरोधकांचा वाढला. त्यांच्या परिणामांविषयीची माहिती तोवर मुख्यतः अवसादाच्या रुग्णांवरील व निरोगी व्यक्तींवरील अभ्यासांतूनच मिळालेली होती. प्रत्यक्ष निद्रानाशाच्या रुग्णांवरील १९९८ च्या एका चाचणीत ५० मिग्रॅ. ट्रॅझोडोनाचा लाभ पहिल्या आठवड्यात दिसला. दुसऱ्या आठवड्यात तो निष्क्रिय गोळीहून वेगळा उरला नाही. जर्मनीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ ते ५० मिग्रॅ. डॉक्सेपिनाने झोप सुधारली. पण औषध थांबविल्यावर काही रुग्णांत निद्रानाश अधिक तीव्रतेने उलटला.

मात्रेचे महत्त्व डॉक्सेपिनावरूनच स्पष्ट झाले. ३ ते ६ मिग्रॅ. इतक्या अल्प मात्रेत ते जवळजवळ केवळ हिस्टामिनाचे ग्राही रोखते. त्यामुळे रात्री मध्येच किंवा पहाटे येणारी जाग कमी होते, तरी निद्रेच्या अवस्थांचे प्रमाण बहुतांशी अबाधित राहते. अमेरिकेत या मात्रेस २०१० मध्ये मान्यता मिळाली. तेथील निद्रावैद्यक अकादमीने २०१७ मध्ये झोप टिकविण्यासाठी डॉक्सेपिन सुचविले, तर ट्रॅझोडोन न वापरण्याचा सल्ला दिला. दोन्ही शिफारशी सौम्य स्वरूपाच्या होत्या. २३ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत या औषधांविषयीचा पुरावा अल्पकालीन व सामान्यतः कमी प्रतीचा ठरला.

सकाळी रेंगाळणारी सुस्ती, तोंडास कोरड, बद्धकोष्ठ व उभे राहताना रक्तदाब उतरणे हे यांतील अनेक औषधांचे दुष्परिणाम असून वृद्धांना पडण्याचा धोका संभवतो. दीर्घकालीन निद्रानाशात वर्तनोपचारास प्रथम स्थान देण्यात येते. औषध देताना रुग्णास अवसाद आहे की नाही, हे पाहणे व मात्रा ठरविणे आवश्यक असते.